साबणाचा कप्पा

बॅगांच्या दुकानात माझ्यापुढे दोन नर्स उभ्या होत्या. एक चांगली मुरलेली, दुसरी नवखी.

"ताई, उद्यापासून मी एकटीच पेशंटच्या घरी जाणार. पहिल्याच दिवशी चुकले तर परत वॉर्डात पाठवतील. ही एकाच मोठ्या कप्प्याची घेते, सगळं मावेल."

"आणि साबण?"

"राहील तळाशी."

"हात धुतल्याशिवाय बॅगेत हात घालायचा नाही, ठाऊक आहे ना?"

"हो तर. आधी साबण काढायचा..."

"कुठून?"

"अगं बाई."

"माझी एक मैत्रीण अशीच अडकली. अजून एका पेशंट आजोबांच्या दारात उभी आहे. आजोबा कधीच बरे होऊन हिंडायला लागले. येता-जाता तिलाच विचारतात, 'बाई, आज कसं वाटतंय?'"

"दादा, बाहेरून कप्पा असलेली दाखवा."