चप्पल आत राहिली

भिंगरी : असं नाही रे बाबा! मी रेडिओवाली, आणि ही पळी म्हणजे माझा माइक. परत! तर गीतकार महाशय, सिनेमा येऊन गेला तरी आपलं गाणं ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. "लावू नकोस दार असं, चप्पल माझी आत राहिली." कसं हो सुचलं?

बाबा : सुचलं... असंच. खिडकीत बसलो होतो.

भिंगरी : शी! उद्या मुलाखतीत इतकं फुसकं उत्तर? नाक कापशील माझं. अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलंय, ऐका म्हणून. आत्या, तू तरी सांग ना तुझ्या भावाला!

आत्या : मी कपड्यांच्या घड्या घालतेय. मला नका मध्ये घेऊ.

भिंगरी : अरे, खरं तेच सांग की! चाल आधी आली, गायिकेला सरावापुरतं काहीतरी हवं, म्हणून तू डमी शब्द भरलेस.

बाबा : हो. तात्पुरते. बदलणारच होतो. पण दिग्दर्शकानं ऐकले, डोळे पुसले आणि म्हणाला, यातलं अक्षरही हलवायचं नाही.

भिंगरी : कसलं भारी! आणि ते डमी शब्द आले कुठून?

आत्या : सांग ना दादा. पोरगी विचारतेय. आता का मिठाची गुळणी धरलीस?

बाबा : अगं, हिच्यासमोर कशाला...

आत्या : मग मी सांगते. नवऱ्यानं मला घराबाहेर काढलं ना, त्या दिवशी दारात उभी राहून मी बोलले होते ते. तुझा बाबा जिन्यात होता. माझी बॅग धरून.

भिंगरी : म्हणजे चप्पल खरंच आत राहिली होती?

आत्या : अनवाणीच आले मी तुमच्याकडे. पण चप्पल हे निमित्त गं. दार थोडा वेळ उघडं राहावं, एवढंच.

भिंगरी : पण सिनेमात तर नवरा दार उघडतो!

आत्या : हो ना. सिनेमात उघडतो.

बाबा : डोक्यात तेच घुमत होतं गं. चालीत चपखल बसलं. बदलू बदलू म्हणता टाळ्या पडायला लागल्या, आणि मग तुला विचारायला तोंडच राहिलं नाही.

आत्या : मी पहिल्यांदा दुकानात ऐकलं. दुकानदार साखर तोलता तोलता गुणगुणत होता. पायात चपला असून खाली बघितलं मी.

बाबा : उद्या खरं सांगू? तुझं नाव घेऊन?

आत्या : खबरदार! दारात गेली तेवढी अब्रू पुरे.

बाबा : मग खोटं सांगू?

आत्या : सांग. पण आधी मला सांगून दाखव. इथं, माझ्या तोंडावर.

बाबा : मी खिडकीत बसलो होतो... आणि बाहेर... नाही. नाही गं जमत. भिंगरे, माझा फोन दे. येत नाही म्हणून कळवतो त्यांना.

भिंगरी : हा घे. आत्या... मी शाळेच्या कार्यक्रमात म्हटलं होतं ते. हुंदके देऊन, हावभावांसकट. पहिला नंबर आला माझा. आता जमिनीत गडप व्हावंसं वाटतंय.

आत्या : वेडाबाई, पाहिलं की मी. मागच्या रांगेत होते. छान म्हटलंस. फक्त, मी रडले नव्हते गं. अगदी हळू बोलले होते. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.