पाठ वाचवायची ट्रॉली

आमच्या मॅनेजरची अक्कल ऐका, मग चहा घ्या. आमच्या कागल एमआयडीसीतल्या कारखान्यात दिवसभर तीस-तीस किलोची लोखंडी कास्टिंगं हातानं उचलाय लागत्यात. कामगारांच्या पाठी वाचाव्यात म्हणून मालकानं हायड्रॉलिक ट्रॉली आणली. पायानं पेडल दाबलं की वजन आपसूक वर. मॅनेजरनं ती प्लॅस्टिकसकट जिन्यावरच्या स्टोअरमध्ये ठिवली. का, तर रंग खराब हुईल.

उचगावचा आप्पा, वीस वरसं कास्टिंगं उचलून वाकलेला गडी, त्यानं एकदा इचारलं, "सायेब, ट्रॉली वापराय आणलीया का पुजाय?"

"आप्पा, तू तुझं काम बघ की."

परवा मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघाय येणार म्हटल्यावर सायबाला ट्रॉली आठवली. "खाली घ्या. एक चरा पडला तर बघा." चौघांनी हातावर धरून ती जिन्यावरनं उतरवाय घेतली. मधल्याच पायरीवर आप्पाच्या कमरेत अशी उसण भरली, की गडी तिथंच वाकडा बसला. वरनं सायेब वरडतोय, "ट्रॉली सांभाळा, ट्रॉली."

आप्पाला दवाखान्यात धाडलं. मी सुपरवायझर, म्हणून अपघाताचा फॉर्म माझ्या गळ्यात. सायेब म्हणतोय, "उचलायची पद्धत चुकली, असं लिही." फॉर्मात शेवटी प्रश्न हुता, दुखापतीच्या वेळी वजन उचलण्याचे साधन उपलब्ध होते का?

मी लिव्हलं, "होय. आप्पा तेच उचलत होता."