डोंगराच्या पायाचा मुरूम

माजा जल्म वरच्या धनगरवाड्यातला, बाप मेंढरं राखायचा, आन् लगीन होऊन आले ती हितं, डोंगराच्या पायथ्याला, ह्याच घरात. काय सांगू तुमाला, तवा घरामागं काळा पत्थर व्हता, पहार मारली की ठणकन वाजायची, फकस्त एका जागी मऊ मुरूम व्हता. सासू म्हनायची, अगं दगुड बी कुजतो, ऊन खातो, पानी पितो, झाडाची मुळी आत शिरती, मग कांद्यावानी पापुद्रं सुटत्यात, त्येचा मुरूम व्हतो, मुरमाची माती, आन् तीच वाहून खाली खाचरात येती म्हून आपल्याला भात मिळतुया. मला लई नवल वाटायचं.

दर वर्साला दसऱ्याच्या आदी आमी दोगी तितंच उकरायचो. भुई चोपायला, शेळ्यांच्या गोठ्यात टाकायला. मुरूम कशाला लांबनं आनायचा? सासू गेली, मी एकटी उकरत ऱ्हायले, टोपलीमागं टोपली, आन् कदी वर मान करून बगितलंच न्हाई, की बाई, तू डोंगराचा पाया काढतीयास.

औंदा पावसात वर करवंदीच्या जाळीपाशी भेग पडली, पंजा आत जाईल येवढी. म्या दोन खुट्या ठोकल्या, भेगंच्या अल्याड एक, पल्याड एक, मदी लोकरीचा दोरा बांधला, सैल. रोज सकाळी जाऊन बगायची. सैल व्हता, मग ताठ झाला. आज तुटला. मला भ्या वाटतंय हो.

आमच्या मालकांना म्हनलं, उठा, शाळंत जाऊन ऱ्हाऊ, न्हाईतर पोराकडं बावधनला. ते म्हनत्यात, डोंगूर काय आजचा हाय व्हय, तुज्या टोपल्यांनी हालतुया का त्यो? गप बस. कशी गप बसू? माज्याच हातानं झालंय न्हवं. सकाळीच शेळ्या शाळंकडं नेऊन बांधल्या, त्या गुमान आल्या, ह्यो मानूस काय उंबऱ्याभाईर येत न्हाई.

तुमी माजं लिवून घ्यायला आलाय, लिवा, पन पुढचं शाळंत बसून लिवा. च्या झाला न्हवं? मालक आत खाटंवर हायेत. एका हाताला तुमी धरा, एका हाताला मी धरते. देव तुमचं लई भलं करंल, लेकराबाळांत सुकी ऱ्हावा, पन दादा, आदी उठा.