जिप्सीची उजवी सीट

पुरवणी जबाब
दि. २३/०१/२००२, दुपारी १.१५ वा.

नाव वाल्मीक दगडू खैरनार, वय ५३ वर्षे, धंदा मोटार गॅरेज, मूळ राहणार चांदवड, हल्ली राहणार आडगाव नाका, पंचवटी, नाशिक.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की, वरील पत्त्यावर मी पत्नी सविता व मुलगी तृप्ती, वय २३, यांच्यासह राहतो. माझे गॅरेज घराला लागूनच आहे. गेली बारा वर्षे मी रॅलीच्या शर्यतीत स्वतःची जिप्सी उतरवतो. सुरुवातीपासून गाडी मनोज देवरे, वय ३८, हा चालवतो. तो माझा पगारी नोकर नाही आणि नातेवाईकही नाही. मग तो तुमचा कोण, असे हवालदार साहेबांनी दोनदा विचारले. सकाळचा चहा तो माझ्याकडे पितो आणि आजारी पडला तर माझ्या घरी पडतो. त्याला काय म्हणतात ते त्यांनीच लिहावे.

तृप्ती गॅरेजमध्ये इंजिनाचे काम करते. मागच्या वर्षी तिने रॅलीत गाडी चालवू द्या म्हणून हट्ट धरला होता. मी जिवंत असेपर्यंत तू उजव्या सीटवर बसायचं नाही, असे मी तिला सांगितले होते. उजवी म्हणजे ड्रायव्हरची.

दि. २१ रोजी मी याच ठाण्यात तक्रार दिली की, मनोज याने जिप्सीची उजवी सीट चोरून नेली. त्याबाबत मला आज जास्त सांगायचे आहे. त्या दिवशी मी रागात होतो. राग आला की माझ्या तोंडाला ब्रेक राहत नाही, हे नाक्यावर कोणीही सांगेल.

सीजन डिसेंबरात संपला. सीजन संपला की पुढच्या वर्षी कोण ड्रायव्हर कोणत्या टीमकडे जाणार, याच्या वावड्या कुसाबाईच्या चहाच्या टपरीवर उठतात. यंदा मनोजचे नाव होते. तो पाथर्डी फाट्यावरच्या सुनील आहिरे यांच्या टीमकडे जाणार, त्यांचा ड्रायव्हर कोल्हापूरला जाणार आणि मी जिप्सीत कोंबड्या पाळणार, असे बोलले जात होते. मी तिकडे लक्ष दिले नाही. फक्त दिवसातून चार वेळा चहाला जात होतो. कुसाबाई म्हणाली, "नाना, जाणारा माणूस लगेच कळतो. त्याचं चित्त चहात नसतं. मन्या अजून बिस्कीट बुडवून खातोय." मला तेवढाच आधार होता.

दि. १७ रोजी मनोज हा सुनील आहिरे यांच्यासोबत मिसळ खाताना मला दिसला. मला पाहताच त्याने एक पिशवी टेबलाखाली सरकवली. दि. २१ रोजी सकाळी ९ वाजता मी गॅरेज उघडले तेव्हा उजवी सीट जागेवर नव्हती. कुलूप तोडलेले नव्हते. एक चावी मनोजकडे असते. सीटचे चारही बोल्ट पुसून डबीत ठेवलेले होते. चोर बोल्ट पुसत बसत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

खुलासा करतो की, रॅलीच्या गाडीची सीट ड्रायव्हरच्या अंगाच्या मापाने भरून घेतात. आम्हा लोकांत रीत अशी आहे की, टीम सोडणारा ड्रायव्हर तोंडाने काही सांगत नाही. तो आपली सीट उचलून नेतो. सांगणाऱ्यालाही जड जाते आणि ऐकणाऱ्यालाही. त्यामुळे रिकामी जागा बघून मनोज गेला असे मी धरून चाललो. त्याला फोन केला नाही. बारा वर्षांचा माणूस न सांगता गेला, ही तक्रार कोणी लिहून घेत नाही. सीट गेली एवढेच लिहून देता येत होते, ते दिले.

पोलिसांनी काल सदर सीट पंचवटीतील पुंजाराम कुशनवाले यांच्या दुकानातून आणली. आज सकाळी मनोजलाही आणले. मी ११ वाजता आलो तेव्हा तो बाकावर बसला होता. मी विचारले, "कोणासाठी नेली सीट?" तो म्हणाला, "नेली मी, नाना. चोरली म्हणून लिहा. बाकी काय विचारू नका, मी शब्द देऊन बसलोय." हवालदार साहेब म्हणाले, सीट ओळखा, म्हणजे याच्यावर गुन्हा दाखल करतो.

गाडी तपासताना मी त्या सीटवर कायम बसत आलो आहे. बसल्याबरोबर ओळखीन असे सांगून मी फरशीवर ठेवलेल्या सीटवर बसलो. तिच्या दोन्ही बाजूंना नवीन फोम भरलेला होता आणि बूड दोन इंच उचललेले होते. मी अडकलो. मनोज व एका शिपायाने मला ओढून काढले. हे लिहू नये अशी मी विनंती केली, परंतु लिहिले गेले आहे. मनोज अंगाने माझ्याएवढाच असल्याने सीट त्याच्यासाठी नाही हे माझ्या ध्यानात आले.

१२ च्या सुमारास तृप्ती व सविता ठाण्यात आल्या. तृप्ती म्हणाली, "नाना, ती सीट माझ्या मापाची आहे. मनोजदादाला सोडा." मग एकेक बाहेर पडले. ऑक्टोबरच्या रॅलीत मनोजचा डावा खांदा दुखावला. गिअर टाकताना त्याचा हात बधिर होतो. मी टीमच बंद करीन म्हणून त्याने ते लपवले. तीन महिने दर रविवारी तो तृप्तीला हरसूलच्या घाटात गाडी शिकवत होता. पिशवीत लहान मापाचे हेल्मेट होते, ते सुनील आहिरे यांनी दिले. दोघांचा डबा सविता भरून देत होती. तो कोणासाठी, असे मी कधी विचारले नाही, असे तिचे म्हणणे आहे. ते खरे आहे.

मी मनोजला विचारले, "मग पुढच्या सीजनला तू कुठं?"

तो म्हणाला, "कुठं म्हणजे? डाव्या सीटवर. वही वाचून वळणं सांगायला खांदा लागत नाय. घाट मला पाठ हाय. पोरीला एकटीला सोडीन का मी, नाना?"

यावर मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. डोळ्याला पण लावले.

मला सदर सीट पुन्हा दाखवून, ही तुमचीच काय, असे विचारले असता सांगतो की, ती माझी नाही. मनोजचीही नाही. ती माझी मुलगी तृप्ती हिची आहे व तिच्याच ताब्यात द्यावी. मनोज याने चोरी केलेली नाही. तो कोणत्याही टीमकडे गेलेला नाही. त्याच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही, फक्त खांदा उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवावा. डबीतले चार बोल्ट मी स्वतः आवळणार आहे.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचला. "तृप्ती हिची आहे" ही ओळ मी पुन्हा एकदा वाचायला लावली. ती व बाकीचे सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

सही
वा. द. खैरनार