कमलबाईंचा अबोला

कमलबाई : नाही हो डॉक्टरसाहेब, विसरत नाहीत हे. केळीचा भाव, वखारीतल्या मानसाचं नाव, सारं ध्यानात आहे.

डॉक्टर : मग काय बदललं?

कमलबाई : माहा भाऊ भिकन वारला. ह्यायचा जिवाचा दोस्त. यावलले त्याच्या घरी दारावर बसाले गेलो. बाया रडून रायल्या होत्या, अन् हे भर ओट्यावर हसले. म्हने, वरणबट्टी कधी करता? भावजयीनं तिथंच सांगितलं, पुन्हा पाय ठेवू नका.

सुकदेव : भूक लागेल होती.

डॉक्टर : सुकदेवभाऊ, या चित्रातली बाई काय करते आहे?

सुकदेव : लुगडं हिरवं आहे.

डॉक्टर : तिच्या डोळ्यांत पाणी आहे. का असेल?

सुकदेव : असंन. टेबलावरचं बिस्कुट घेतो.

कमलबाई : पाहा! आधी बैल लंगडला तरी जेवत नव्हते.

डॉक्टर : मुंबईला काढलेला स्कॅन मी पाहिला. समोरच्याचं दुःख आपल्याला जाणवतं, कुठे काय बोलू नये ते कळतं, ते कपाळामागच्या काही खास पेशींमुळे. यांच्या नेमक्या त्याच मरत चालल्यात. भाव आणि नावं लक्षात ठेवणाऱ्या अजून शाबूत आहेत.

कमलबाई : म्हंजे हे मुद्दाम करत नाहीत?

डॉक्टर : नाही.

कमलबाई : मग औषध द्या. कितीबी महाग असू द्या.

डॉक्टर : असतं तर दिलं नसतं का? झोपेची गोळी देतो. बाकी माझ्या हातात काही नाही. घरी तुम्ही त्यांच्याशी कशा बोलता?

कमलबाई : बोलत नाही.

डॉक्टर : म्हणजे?

कमलबाई : भावाचं दहावं झालं तवापासून अबोला धरला. ताट वाढते, सरकवते. आमच्यात बाईनं अबोला धरला का भल्याभल्याचा ताठा उतरते. म्हटलं, एक दिवस विचारतीन, काबरं बोलत नाही? दोन दिवाळ्या वाट पाहिली.

डॉक्टर : सुकदेवभाऊ, कमलबाई तुमच्याशी बोलत नाहीत. माहीत आहे?

सुकदेव : बोलते ना. आत्ता किती बोलली.

कमलबाई : (पदर तोंडाशी धरून) शिक्षा ह्यायले केली, अन् भोगली म्या एकटीनं.

डॉक्टर : आता सोडा तो अबोला.

कमलबाई : रागाचाच आधार होता, साहेब. तोबी तुम्ही काढून घेतला. आता मी कोनावर रुसू?

सुकदेव : अजून एक बिस्कुट घेऊ?

कमलबाई : घ्या. वरून पानी प्या, ठसका लागंन.