परतीची तारीख

अमेरिकेच्या सीमेवरच्या लारेडोत, मेक्सिकोत जाणाऱ्या पुलाअलीकडच्या गाडीविम्याच्या खिडकीपाशी रांगेत माझ्यापुढे एक पन्नाशीचा माणूस उभा होता.

“एकटेच निघालात, काका?” खिडकीतल्या बाईनं विचारलं. “या ट्रकनं? हा पुलावरच मान टाकेल.”

“साकातेकासपर्यंत नेईल, ताई. आई गेली माझी.”

“अरेरे! परत कधी येणार?”

“नुसत्या जाण्याचा विमा नाही मिळत?”

“परतीची तारीख लागतेच.”

“पुलावर कागद बघतात का हो?”

“जाताना कोणी विचारत नाही… इथं येऊन किती वर्षं झाली, काका?”

“एकतीस. नदी पोहून आलो होतो.”

“मग आता परत येऊ देणार नाहीत. घरी माहितीये?”

“बायकोला माहितीये. धाकट्या लेकीला सांगितलंय, रविवारी येतो.”

“रविवार लिहू?”

“लिहा. जरा ठळक लिहा, ताई. तिला फोटो पाठवायचाय.”