अर्धंच उघडणारं दार

हसू नका, माझं डोकं अजून तापलेलं आहे. इंटिरिअर डिझाइनची अॅडमिशन घ्यायला बाबांना घेऊन पालघरच्या एका क्लासमध्ये गेले. बाबा कंपनीत रजा टाकून कुंभवलीहून आलेले.

ऑफिसचं दार अर्धंच उघडलं, कारण आतून सोफा अडत होता. तिरके होऊन शिरलो. सोफ्यावर बसलो तर गुडघे टेबलाला. सर म्हणाले, "जागेचं नियोजन ही आमची खासियत! वर नोकरीची हमी."

चहावाला आला, तर त्याला आत घ्यायला आम्ही दोघं उठून भिंतीला चिकटलो. तरी बाबा खूश. "नोकरीची काळजी नाय, पोरी!"

मला राहवेना. "सर, हे ऑफिस कोणी डिझाइन केलं?"

सर फुलले. "आमच्या पहिल्या बॅचच्या टॉपरने!"

"तो आता कुठे असतो?"

"इथेच नोकरीला. जागेचं नियोजन तुम्हाला तोच शिकवणार."

मी ताडकन उठले. म्हटलं, दार आपटूनच निघायचं. पण छे! आधी बाबांना उठवलं, मग दोघांनी मिळून सोफा सरकवला, आणि मग कुठे मला तिरकी न होता रागाने बाहेर पडता आलं.